ती 'फक्त गृहिणी' नव्हती!

मागच्या महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही एका आजीच्या पुण्यानुमोदनाला गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढचं. निम्मं आयुष्य विधवा म्हणून काढलेलं. बॅनरवर 'कालकथित' लिहून आजीचा फोटो, खाली मुला-नातवांची नावं, हुद्द्यांसकट. त्रिसरण-पंचशील झालं. मग सहा वक्ते बोलले, सहाही पुरुष. आजीचे पती नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते, त्यावर सगळे भरभरून बोलले. थोरला मुलगा नोकरीत कसा चढत गेला, त्यावरही बोलले. आजीबद्दल मात्र एकच वाक्य फिरत राहिलं: "त्या गृहिणी होत्या, त्यागमूर्ती होत्या."

आमचं भांडण या एका वाक्याशी आहे.

1972 च्या दुष्काळात ही 'गृहिणी' सरकारी कामावर खडी फोडत होती, मिलोच्या भाकरीवर लेकरं जगवत होती. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. तेव्हा लेकरं पोटाशी धरून तिने रात्री रानात काढल्या. नवरा तुरुंगात असताना खुरपणी आणि कापूस वेचणीवर तिने घर चालवलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, तेव्हा नवरा हयात नव्हता. गावात सत्कार झाला तो त्याच्या फोटोचा. फोटो हातात धरून उभी असलेली बाई कुणाला दिसलीच नाही.

जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' म्हणून मोजली जाते. सरकारचं ठीक आहे, पण आपण तरी वेगळं काय मोजलं? रमाईंबद्दलचा आदर आमच्याही मनात आहेच. पण ऊठसूट प्रत्येक बाईला 'त्यागमूर्ती' म्हणण्यात एक सोय असते. त्याग म्हटलं की श्रमाचा हिशेब द्यावा लागत नाही.

आणि वैधव्याचं काय? नवरा गेला तेव्हा काय झालं, ते आजीनेच आम्हाला एकदा सांगितलं होतं. "वंदनाबी म्हनली अन् माझ्या बांगड्याबी फोडल्या. मंग बाबा, यातलं खरं कोन्तं?" आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलंय, पण या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. 1956 ला आपण धम्म घेतला, 22 प्रतिज्ञा पाठ केल्या. तरी मयताच्या घरात बांगड्या फुटतातच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. असा ठराव आपल्या विहारांत कितीदा झाला?

त्याहून कडू गोष्ट जमिनीची. 1956 चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मुलांबरोबर विधवेचाही त्यात हिस्सा आहे. आजीकडून मात्र हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला गेला, आणि साक्षीदार म्हणून सही करणारा चळवळीतलाच कार्यकर्ता होता. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. त्यांचं नाव घेणारे आपण आईचं नाव सातबाऱ्यावरून उतरवतो!

कुणी म्हणेल, बाहेर अत्याचार चालू असताना घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला? परभणीकरांनो, आपणच आठवून बघा. 15 डिसेंबर 2024 ला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. त्याच्या आईने, विजयाबाईंनी, सरकारची दहा लाखांची मदत नाकारली आणि न्याय मागितला. एवढी कणखर बाई महाराष्ट्राला कधी कळली? पोटचा मुलगा गमावल्यावर. लढाई घराबाहेर चालते ती अशाच बायांच्या जोरावर. त्यांचं नाव घेण्यासाठी आपण घरात कुणी मरायची वाट बघायची का?

1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधून, भेटून त्यांच्या तोंडून इतिहास गोळा केला. 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक त्यातूनच उभं राहिलं. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींनो, तीन कामं करू. वस्तीतल्या सत्तरीपुढच्या प्रत्येक आजीजवळ बसून तिचं बोलणं रेकॉर्ड करू. घरात मयत झाली तर बांगड्या फोडू देणार नाही, असा ठराव विहारात घेऊ. आणि वारसाच्या फेरफारात आईचं नाव लागल्याशिवाय साक्षीदाराची सही करणार नाही.

ही आजी आमच्या हातून निसटली. तिचा आवाज आमच्याकडे नाही, फक्त तिचा प्रश्न उरलाय. तुमच्या घरातली आजी अजून ओसरीवर बसलेली असेल. आजच तिच्याजवळ जाऊन बसा.

जय भीम!