चढणे आणि चढवणे

परवा बाजारातून परतताना गाडीत चढायला गेले, आणि उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवून तशीच उभी राहिले. वर जाता येईना, खाली उतरता येईना. मागच्या कॉलेजच्या मुलीने दंडाला धरलं, "आजी, सावकाश" म्हणाली, आणि चढले एकदाची. घरी आल्यावर मुलाला म्हटलं, "मला आता गाडीत चढवत नाही रे."

आयुष्यभर मराठी शिकवल्याचा परिणाम म्हणा, पण हे वाक्य बोलले आणि डोक्यात व्याकरणाचा तास सुरू झाला. 'मला चढवत नाही' हे शक्य क्रियापद. 'त्या मुलीने मला चढवलं' हे प्रयोजक क्रियापद. आणि 'मी चढले' हे साधं, आपलं आपण केलेलं काम. मंडळी, ज्यांच्या पायात बळ नाही त्यांचा सगळा प्रवास पहिल्या दोन वाक्यांतच होतो. तिसरं वाक्य त्यांच्या वाट्याला येतच नाही.

हे मला गुडघे दुखायला लागल्यावर कळलं, याची लाज वाटते. कारण कळायला हवं होतं ते १९८६ साली.

तेव्हा माझ्या वर्गात एक मुलगी होती. पोलिओमुळे एका पायाला कॅलिपर, काखेत कुबडी. अक्षर मोत्यासारखं. आडगावच्या एका वाडीवरून रोज बसने शाळेत यायची. पायरी उंच, म्हणून कंडक्टर तिला उचलून आत ठेवायचा. भला माणूस होता, त्याच्यासाठी बस दोन मिनिटं जास्त थांबायची आणि कोणी कुरकुर करत नसे. आठवी अशी पार पडली. नववीच्या दिवाळीनंतर मुलगी यायची थांबली. मी घरी गेले. आई म्हणाली, "बाई, पोरगी मोठी झाली. रोज परक्या माणसाने उचललेलं तिला नको वाटतं."

मी काय म्हणाले असेन? "अगं, तो बापासारखा आहे, त्यात लाजायचं काय!" मुलीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ती शाळेत परत आली नाही. आज ती पन्नाशीत आहे, शिलाईवर पोट भरते, भेटली की अजून "बाई, कशा आहात?" विचारते. मला मात्र ती मान खाली घातलेली आठवते.

त्यात वाईट कोणीच नव्हतं. कंडक्टर चांगला, प्रवासी चांगले, मीसुद्धा माझ्या मते तिच्या भल्याचंच सांगत होते. वाईट होती ती पायरी, आणि तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. आपल्याकडे माणुसकी पुष्कळ आहे हो, पण रोज कोणाच्या तरी माणुसकीवर अवलंबून शाळेत जावं लागणं म्हणजे शिक्षणाचा हक्क नव्हे.

आता सवलती नाहीत असं नाही. दिव्यांगांना एसटीच्या साध्या गाडीला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, २०२३ च्या मार्चपासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे. चांगलंच आहे. पुढच्या वर्षी मीही फुकट फिरेन. पण तिकीट स्वस्त झालं म्हणून पायरी खाली येत नाही. दिव्यांगांसाठी राखीव आसनही गाडीच्या आत असतं, आणि तिथपर्यंत पोचायचं कसं ते ज्याचं त्याने बघायचं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आमच्या तालुक्यातले लोक बहुधा रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात जातात. म्हणजे 'मला चढता येत नाही' हे सिद्ध करायला आधी गाडीत चढायचं!

कायदाही आहे. १९९५ च्या कायद्यात बसगाड्या दिव्यांगांना सोयीच्या करा असं म्हटलं होतं, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. २०१६ च्या कायद्यात बसथांबे, तिकीट खिडक्या, जुन्या गाड्यांत बदल असं सगळं आलं, पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत पुन्हा 'परवडत असेल तर'. राजीव रतुडी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीचे असून चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. एकोणीस वर्षं लागली. तेवढ्यात एक मूल जन्मून कॉलेजात जातं.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांतले २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. मग स्टँडवर ते का दिसत नाहीत? "असे प्रवासी येतातच किती?" असं विचारणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे, की चढता येत नाही म्हणून ते येत नाहीत.

कोणी म्हणेल, शहरातल्यासारख्या खाली टेकलेल्या गाड्या कोकणात चालायच्या नाहीत. मान्य. भांबेड, साटवली, प्रभानवल्लीकडचे चढउतार आणि पावसाळ्यातले खड्डे मलाही ठाऊक आहेत. पण गाडी खाली येत नसेल तर माणसाला वर नेता येतं ना? ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९९१ पासून गाडीच्या फरशीएवढ्या उंचीचे थांबे आहेत. अहमदाबादेत २००९ पासून तसेच आहेत. आपण एवढंही मागत नाही. आपल्याकडे जांभ्याचा चिरा आहे आणि गवंडी घरोघर आहेत. स्टँडवर नि मोठ्या थांब्यांवर फूटभर उंचीचा ओटा बांधायचा, त्याला बारा फूट लांबीचा उतार द्यायचा (एकास बारा हे प्रमाण सुगम्यतेच्या नियमांतलंच आहे), बाजूला कठडा, आणि ड्रायव्हरला गाडी नेमकी लावता यावी म्हणून एक पांढरा पट्टा. पहिली पायरी तिथेच निम्मी होते. कुबडीवाला, म्हातारी, पोटुशी, कडेवर पोर असलेली, सगळ्यांचीच सोय.

व्हीलचेअरवाल्याला हे पुरणार नाही, हे मी कबूल करते. त्याच्यासाठी रुंद दाराची, उचलयंत्राची एक तरी गाडी प्रत्येक तालुक्याला हवी, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, रुग्णालयापर्यंत जाणारी. रोज नको, पण भरवशाची हवी.

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात ५ जुलै १९७८ ला एकोणीस दिव्यांग माणसं बस अडवून रस्त्यावर बसली, काही तर व्हीलचेअर सोडून डांबरावर आडवी झाली, रात्रभर. त्यांना कोणी उचलून आत ठेवायला नको होतं. त्यांना आपलं आपण चढायचं होतं. माझ्या विद्यार्थिनीलाही तेच हवं होतं, फक्त तिने रस्ता अडवला नाही, शाळा सोडली.

असो. माझे भाचे-पुतणे, मुंबईकर मंडळी शिमग्याला, गणपतीला येतात तेव्हा गावासाठी काहीतरी करू म्हणतात, नि मग वर्गणीतून स्वागत कमान उभी राहते. या खेपेला येताना आपापल्या वाडीच्या थांब्यावर एकदा उभे राहा आणि हातात काठी घेऊन गाडीत चढून बघा. मग ग्रामपंचायतीत जाऊन, ज्यांचा रस्ता असेल त्यांची रीतसर परवानगी घेऊन, कमानीऐवजी एक ओटा बांधा. त्यावर देणगीदाराचं नाव कोरलं तरी माझी हरकत नाही.

आणि कोणी "अहो, आम्ही उचलून घेऊ की!" म्हणालं, तर त्या भल्या माणसाला नमस्कार करून सांगा, की उचलायला नको. तिला चढू दे.