रंग भिंतीवर की छातीत?

स्नेहसंमेलनाची तारीख जाहीर झाली की आमच्या सजावट समितीला दरवर्षी एक नवा साक्षात्कार होतो. यंदा तो स्प्रे गनच्या रूपाने झाला. "ब्रश घासत बसायचे दिवस गेले, फवारा मारला की तासाभरात काम खलास!" असे एका मित्राने बैठकीत सांगितले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा हा लेख म्हणजे दुसऱ्याला केलेला उपदेश नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

भाड्याचा कॉम्प्रेसर आला, गन आली आणि ती चालवणारा एक मुलगाही आला. आमच्याच वयाचा. रंगमंचाचे फ्लॅट, चार वेताच्या खुर्च्या आणि एक लोखंडी जाळी त्याने दुपारभरात रंगवली. जाळी सुरेख झाली, यात शंका नाही. पण बंद सभागृहात रंगाचे धुके तरंगत राहिले आणि पंख्यांपासून प्राचार्यांच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांवर बसले. आम्ही नाक दाबून बाहेर पळालो. तो मात्र तोंडाला रुमाल बांधून आतच होता. संध्याकाळी नळावर हात धुताना तो खोकत होता. विचारले तर म्हणाला, "सवय आहे."

गंमत अशी की, या गनचा पूर्वज घशाच्या औषधासाठी जन्माला आला. अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो शहरी ॲलन डिव्हिलबिस नावाचे डॉक्टर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी रोग्याच्या घशात औषध फवारण्याचे उपकरण तयार केले. पुढे १९०७ च्या सुमारास त्यांचे चिरंजीव टॉमस यांनी त्याच तत्त्वावर रंगाची गन बनवली. घसा बरा करणाऱ्या कल्पनेनेच आज कुणाचा घसा बिघडावा, हा दोष यंत्राचा नाही. ते बेफिकिरीने वापरणाऱ्यांचा आहे.

माझे म्हणणे एवढेच, की आधी काम पाहावे, मग साधन निवडावे. जाळी, वेतकाम, नक्षी अशा ठिकाणी ब्रश पोचत नाही. तिथे गन खरोखर शोभते. त्यातही भरपूर हवा पण कमी दाब असलेली, म्हणजे एचव्हीएलपी गन घ्यावी. तिच्या तोंडाशी हवेचा दाब चौरस इंचाला दहा पौंडांच्या वर जात नाही. त्यामुळे रंग वस्तूवर अधिक बसतो आणि हवेत कमी उडतो. मोठ्या मोकळ्या इमारतीच्या भिंतींसाठी एअरलेस पंप असतो. त्याचा दाब दोन-तीन हजार पौंडांपर्यंत जातो. त्याच्या तोंडापुढे बोट गेले तर रंग कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक इस्पितळ गाठावे लागते. आणि एका वर्गाच्या चार भिंती रंगवायच्या असतील तर? रोलर पुरतो. बाके आणि खिडक्या झाकण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात रोलरचा पहिला हात मारून होतो.

गन हाती घेतलीच, तर रंग आधी फडक्यातून गाळावा आणि बेताचा पातळ करावा. गन सहा ते दहा इंचांवर, भिंतीशी काटकोनात धरावी आणि मनगट न वळवता सगळा हात सरळ न्यावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे, नाहीतर ओघळ ठरलेलेच. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. ते रोज सोडून द्यावे.

आता मुख्य मुद्दा. रुमाल थिनरची वाफ अडवत नाही, बारीक तुषारही नीट अडवत नाही. त्यासाठी गाळणी आणि कोळशाच्या डब्या असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखवटा लागतो. खिडक्या उघड्या लागतात. जवळ विडी, निरांजन, शेगडी काहीही पेटलेले चालत नाही. दोन डबे मिसळून करायचे पॉलियुरेथेनचे काम तर आपल्या सभागृहात करूच नये. त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो.

पुढच्या वर्षीच्या सजावटीच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ मुखवट्याची असावी, अशी माझी सूचना आहे. तो भाड्याने गन चालवायला येणाऱ्यालाही द्यावा, आपल्यालाही घ्यावा. त्यासाठी कमानीवरची फुले थोडी कमी झाली तरी चालतील. सजावटीचे बक्षीस यंदा आम्हाला मिळाले. व्यासपीठावर सगळ्या समितीची नावे वाचली गेली. त्या मुलाचे नाव त्यात नव्हते, कारण ते आमच्यापैकी कुणी विचारलेच नव्हते. मीसुद्धा नाही.