कसोटी वेगाची की भरवशाची?

जुनी यंत्रणा मोडीत काढण्याची घोषणा करणे सोपे असते. तिच्यावर विसंबून असलेले व्यवहार एका रात्रीत बदलणे मात्र शक्य नसते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील बँकांना व विमा कंपन्यांना याचा प्रत्यय आला. त्यांचे हिशेब आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवर होते आणि शाखांतील टर्मिनल्स १९७४ साली जाहीर झालेल्या एसएनए या पद्धतीने मुख्य संगणकाशी संपर्क ठेवीत. पुढे आयपी हा संदेशवहनाचा सर्वसामान्य मार्ग ठरला. तेव्हा दोन स्वतंत्र जाळी पोसण्यापेक्षा जुनी वाहतूकही आयपीवरून नेणे किफायतशीर होते.

परंतु दोन्ही पद्धतींचा स्वभाव भिन्न. जुन्या पद्धतीत पाठविलेल्या मजकुराची पोच ठराविक अवधीत यावी लागे. ती वारंवार न आल्यास चालू जोडणीच तुटे. आयपी वेळेची अशी हमी देत नाही. यावर ‘डेटा लिंक स्विचिंग’ हा तोडगा निघाला व १९९५ मध्ये आरएफसी १७९५ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यानुसार राउटरने टर्मिनलला जागच्या जागी पोच द्यावयाची आणि मजकूर टीसीपीद्वारे पलीकडे सुखरूप पोचविण्याची जबाबदारी पत्करावयाची. म्हणजे केवळ टपाल वाटणाऱ्या राउटरवर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाचेही काम येऊन पडले.

मग त्याची परीक्षा कशी घ्यावी? १९९९ चा आरएफसी २५४४ वहनक्षमता, विलंब, गळती इत्यादी मोजण्याची रीत सांगतो. ईथरनेटसाठी ६४ पासून १५१८ बाइटपर्यंतचे आकार नेमून देतो. सर्व उत्पादकांना एकच मोजपट्टी लागते, हा तिचा मोठा गुण. तथापि ती प्रामुख्याने पाकिटे पुढे धाडण्याची शक्ती मोजते. शेकडो जोडण्या सांभाळताना राउटर किती थकतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी लहान चौकशा आणि लांबलचक छपाईची कामे एकत्र सोडली पाहिजेत. उत्तराच्या सरासरी वेळेबरोबर सर्वांत उशिरा आलेली उत्तरेही नोंदविली पाहिजेत. मुद्दाम एक मार्ग तोडून किती जोडण्या टिकल्या आणि तुटलेल्या किती वेळात सावरल्या, हे पाहिले पाहिजे.

अशी चाचणी खर्चिक असते आणि प्रत्येक संस्थेचा भार निराळा असल्याने निष्कर्षांची तुलना अवघड होते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आपल्या भाराचे स्वरूप निविदेतच नमूद करण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते. मोठ्या बँकांत मेनफ्रेम आजही कामावर आहेत. त्यामुळे हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. सेकंदाला किती पाकिटे जातात, हे विक्रेता आपण होऊन सांगतो. मार्ग तुटल्यास किती खिडक्यांवरचे काम थांबेल, हे मात्र खरेदीदारानेच विचारावयाचे असते. न विचारल्याची किंमत खिडकीसमोरच्या रांगेला मोजावी लागते.