हात बिघडलाच नव्हता

एकतीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. मेंदूचा उभा छेद मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकत असे. मोठा मेंदू, लहान मेंदू, मस्तिष्कपुच्छ आणि त्याखाली मेरुरज्जू. आकृती पेन्सिलीने, नावे उजव्या बाजूला एकाखाली एक, गुण पाच. माझ्या हाताखालून गेलेल्या किती मुलांनी हे पाचही गुण मिळवले असतील, याची गणती नाही. आणि तरीही चार वर्षांपूर्वी एका सकाळी असाच एक मेंदू माझ्या डोळ्यांदेखत संकटात सापडला, तेव्हा मास्तरांना काहीएक कळले नाही.

मी गावी थोरल्या भावाकडे गेलो होतो. दादा झोपाळ्यावर चहा घेत बसले होते. उजव्या हातातली कपबशी निसटली आणि फुटली. वहिनी आतून म्हणाल्या, "अहो, लक्ष कुठे आहे तुमचं?" दादा काहीतरी बोलले, पण शब्द तोंडात घोळत घोळत बाहेर आले. शेजारचे काका धावत आले. ते म्हणाले, "रात्री हात अंगाखाली आला असेल. नस दबली असणार." कोणी म्हणाले, "गॅस झाला असेल, गॅस वर चढला की असंच होतं." निर्गुडीचे तेल कोमट करून हात चोळणे सुरू झाले. वहिनींनी लिंबाचे सरबत केले. आणि मी? "दादा, जरा पडा. मुंग्या जातील," असे मीच म्हणालो.

दुपारी पायही उचलेना, तेव्हा गाडीची शोधाशोध सुरू झाली. शहरातल्या रुग्णालयात पोहोचायला तीन वाजले. तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "हे सुरू कधी झालं?" मी म्हणालो, "सकाळी." "सकाळी म्हणजे किती वाजता?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. घरात तीन घड्याळे होती, पण एकाकडेही कोणी पाहिले नव्हते.

त्या दिवसापासून मला एका शब्दाचा राग आहे. तो शब्द म्हणजे 'नस'. आपल्या बोलण्यात हा एकच शब्द तीन घरी नांदतो. रक्त काढायला परिचारिका दंडाला पट्टा बांधून शोधते तीही नस, मान आखडते तीही नस आणि कमरेपासून पायापर्यंत कळ जाते तीही नस. वास्तविक पहिली रक्तवाहिनी आहे, दुसरा बहुधा स्नायू आणि तिसरा मात्र खराखुरा मज्जातंतू. पाठ्यपुस्तक त्याला चेतातंतू म्हणते, पण पुस्तकातला शब्द पुस्तकातच राहिला, घरात आलाच नाही. सगळ्यांना एकच नाव दिले की उपायही एकच उरतो. तेल लावा, चोळा, नाही तर कोणाकडून तरी 'नस बसवून' घ्या.

खरी गोष्ट अशी होती की दादांचा हात बिघडलाच नव्हता. हाड शाबूत, स्नायू शाबूत, हातातले रक्त नीट वाहत होते. हाताला फक्त हुकूम येत नव्हता. दिवा लागत नाही म्हणून आपण बल्ब पुसत बसावे आणि फ्यूज गेला आहे का, ते मात्र पाहू नये, तसा तो सारा प्रकार होता.

ही हुकमाची वाट आपण एकदा नीट पाहू या. मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा खातो. साठवण मात्र जवळजवळ काहीच नाही. घरात रोज पाहुणे आणि डब्यात धान्य नाही, अशी ही गृहस्थी. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. मेंदूतून खाली, पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा, करंगळीएवढा जाड मेरुरज्जू उतरतो. थेट मेंदूतून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात. त्या डोळे, चेहरा, जीभ, घसा सांभाळतात. मेरुरज्जूतून ३१ जोड्या निघतात आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचतात. तंतूंवर मेदाचे वेष्टन असते, वायरवर प्लॅस्टिक असते तसे. चांगले वेष्टन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरपेक्षाही जास्त वेगाने जातो.

तापलेल्या तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो आणि "आई गं!" नंतर. कारण तो हुकूम मेरुरज्जूने परस्पर दिलेला असतो, मेंदूला खबर मागाहून मिळते. झोपेत श्वास चालू ठेवणे, हृदयाची गती राखणे, ही कामे मस्तिष्कपुच्छ आणि त्याच्याशी जोडलेले तंतू आपल्याला न विचारता करतात. चालताना तोल राखतो तो लहान मेंदू. आणि ठरवून कप उचलणे, नातवाला हाक मारणे, ही कामे मोठ्या मेंदूची.

मोठ्या मेंदूचे दोन अर्धगोल आहेत. तिथून निघालेले हुकमाचे तंतू मस्तिष्कपुच्छापाशी बाजू बदलतात. म्हणून डावा अर्धगोल उजवे अंग चालवतो आणि उजवा अर्धगोल डावे. आणखी एक गोष्ट अशी की बहुतेक माणसांत भाषेची केंद्रे डाव्या बाजूला असतात. पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याने १८६१ साली, बोलणे हरपलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासून डाव्या बाजूची इजा दाखवून दिली. उजव्या हातातला कप पडतो आणि त्याच क्षणी बोलणे अडखळते, या दोन गोष्टी एकत्र आल्या की बोट कुठे दाखवायचे? डाव्या मोठ्या मेंदूकडे. हे मी दर वर्षी दहावीच्या वर्गाला सांगत होतो. दादांच्या झोपाळ्यासमोर उभा राहून मात्र मी मुंग्यांबद्दल बोललो.

दादांच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. पक्षाघात म्हणा, अर्धांगवायू म्हणा, त्या नावातला 'वायू' म्हणजे पोटातला गॅस नव्हे. मोठी रक्तवाहिनी अशी बंद पडली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आहे. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तीन तासांत दिले तर उपयोग होतो, हे १९९५ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने दाखवले. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. काही निवडक रुग्णांत नळी घालून गुठळी त्यानंतरही काढता येते, पण ते सर्वांना लागू नाही. शिवाय औषधाआधी सीटी स्कॅन हवाच. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही आणि रक्तस्राव असेल तर तेच औषध घात करील. म्हणूनच घरच्या घरी ॲस्पिरिनची गोळी देणेही धोक्याचे. सरबताचेही तसेच. घसा चालवणारे तंतू दुबळे झाले असतील तर घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. प्रेमाने दिलेला पेला दादांना बाधला नाही, हे आमचे नशीब.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा धडा आपण चुकीच्या ठिकाणी शिकवतो आणि चुकीच्या रीतीने शिकवतो. 'भागांना नावे द्या' ऐवजी प्रश्नपत्रिकेत विचारा : आजोबांचा उजवा हात अचानक गळाला आणि बोलणे अडखळले, तर बिघाड कुठे आहे आणि तुम्ही काय कराल? हे उत्तर लिहिलेला नववीतला मुलगा घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांपेक्षा उपयोगी पडेल. कोणी म्हणेल, मुलांना कशाला असल्या भीतीच्या गोष्टी? पण रस्ता ओलांडायला आपण मुलांना शिकवतोच की. सकाळी आठ वाजता घरात आजोबांजवळ कोण असते? पुष्कळदा नातवंडेच.

आणि घराने पाठ करायचे ते फार थोडे आहे. हसायला सांगा, चेहरा एका बाजूला ओघळतो का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का? एक साधे वाक्य म्हणायला सांगा, शब्द अडखळतात का? यातले एक जरी अचानक दिसले, किंवा एकाएकी तोल गेला, दिसेनासे झाले, तर घड्याळ पाहा, माणूस शेवटचा ठीक कधी होता ते लक्षात ठेवा आणि निघा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच थेट जा. दहा मिनिटांत आपोआप बरे वाटले तरीही जा. ती पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकते.

दादा आज काठी घेऊन चालतात. उजवा हात अजून पुरता वळत नाही. मेंदूतल्या शाबूत भागांनी थोडे काम अंगावर घेतले आहे, पण त्यासाठी रोजचा व्यायाम आणि फार मोठा धीर लागतो. बोलणे पुष्कळ सुधारले, तरी मनातला शब्द ओठांवर यायला वेळ लागतो. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा नात त्यांच्यासमोर वही घेऊन बसली होती. मेंदूची आकृती काढायची होती तिला. दादांनी डाव्या हाताचे बोट त्या आकृतीवर डावीकडे ठेवले आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत तिला म्हणाले, "इथं... बिघडलं होतं. हातात... नाही."

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत हा धडा इतका नीट मी कोणाला शिकवला नाही.