पत्ता शिवाजी पार्कचा, पण विकताय नक्की काय?

वडिलोपार्जित घर विकून धंद्यात पैसा टाकावा का? या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. घरातली मोठी माणसं म्हणतात, "वास्तू विकायची नसते." आणि आमच्यासारखे ट्रेनर स्टेजवरून सांगतात, "रिस्क घ्या, पडून असलेली मालमत्ता कामाला लावा." मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात, कारण दोघंही एक प्रश्न विचारत नाहीत. ते घर तुमचं आहे का?

भांडवलावरचा व्हिडिओ पाहून हडपसरच्या एका फॅब्रिकेशनवाल्या दादांनी फोन केला. मुंबईत शिवाजी पार्कजवळ आजोबांनी घेतलेला फ्लॅट, इमारत दुसऱ्या महायुद्धाआधीची. ब्रोकर तीन कोटी सांगतोय. ते पैसे आणून इथे मांजरीत शेड आणि लेझर कटिंगचं मशीन टाकायचा विचार. मी विचारलं, महिन्याला मेंटेनन्स भरता की भाडं? उत्तर आलं, "भाडं. पण अगदी किरकोळ आहे हो सर."

म्हणजे पगडी. इथेच सगळा हिशेब फिरतो.

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या बाबतीत १ सप्टेंबर १९४० ही तारीख डोक्यात पक्की बसवा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडं ठरवताना त्या दिवशीचं भाडं आधार धरलं. म्हाडाच्या उपकरप्राप्त इमारतींमध्येही त्या तारखेआधीच्या इमारती 'अ' वर्गात येतात. भाडं गोठलं, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू हलेना, आणि हक्क हातोहात विकायची पगडी पद्धत रुजली. आधी ते सगळं टेबलाखालून चालायचं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, भाडेहक्क सोडताना पैसे घेणं आणि मालकाने संमतीसाठी रक्कम घेणं, दोन्ही कायदेशीर केलं.

तेव्हा जाहिरातीत 'फ्लॅट विकणे आहे' असं लिहिलेलं असलं तरी विकला जातो तो राहण्याचा हक्क. मालकाची संमती लागते, आणि तो साधारण एक तृतीयांश मागतो. हा आकडा कायद्यात कुठेही नाही, रिवाज आहे, त्यामुळे घासाघीस होते. तीन कोटींतला एक कोटी इथेच गेला असं धरून चाला. शिवाय गिऱ्हाईक कमी, कारण पगडीच्या जागेवर बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. रोख ताकद असलेलाच घेणार, आणि तो भाव पाडूनच मागणार. याच कारणाने ती जागा तारण ठेवून तुम्हाला धंद्यासाठी कर्जही मिळणं अवघड.

मग टॅक्स. मालकीचा जुना फ्लॅट असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, त्यामुळे नफा कमी दिसतो. भाडेहक्काला ही सोय नाही. आजोबांनी पगडी भरल्याचा कागद नसेल तर खरेदी किंमत शून्य धरली जाऊ शकते. आणि घर विकून घर घेतलं तर भांडवली नफ्यावर सूट असते, घर विकून मशीन घेतलं तर नाही. हे टोकन घेण्याआधी सीएकडून लेखी घ्या, नंतर नाही.

आता माझं मत. जागा पगडीची असेल तर घाईत विकू नका. इमारत उपकरप्राप्त असेल आणि पुनर्विकास होणार असेल, तर पात्र भाडेकरूला नव्या इमारतीत मालकीची जागा मिळते. आज दोन तृतीयांश किमतीला जाणारा हक्क उद्या पूर्ण मालकी होऊ शकतो. अर्थात 'होणार' हा शब्द मुंबईत वीस वर्षंही खेचला जातो, हे मान्य. म्हणून विकासकाचा करार झालाय का, परवानग्या कुठवर आल्यात, हे कागदावर बघा. नुसत्या मिटींगच्या गप्पा म्हणजे प्रगती नव्हे. काहीच हालचाल नसेल, इमारत खचत असेल आणि घरात कुणी राहत नसेल, तर विका. भावनेसाठी रिकामं घर सांभाळणं मलाही पटत नाही.

जागा मालकीची किंवा सोसायटीची असेल तर गोष्ट वेगळी. तरीही ती विकून सगळा पैसा मशीनमध्ये घालणं मला धोक्याचं वाटतं. मशीनची किंमत पहिल्या दिवसापासून उतरते. त्या पत्त्याची उतरत नाही, आणि त्याला कारण आहे. शिवाजी पार्कचा भाव चार भिंतींत नाही, समोरच्या मैदानात आहे. ते मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं आणि आजतागायत मोकळं राहिलं. ओव्हल मैदानासमोरच्या, मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींचंही तेच. २०१८ मध्ये युनेस्कोने तो परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. आता तशी दुसरी रांग कुणी बांधू शकत नाही, आणि जी आहे तिच्यातही मनासारखे बदल करता येत नाहीत. भाव आणि बंधन एकाच दाखल्यावर मिळतात.

(आपल्या मांजरीत टॉवरवर टॉवर उभे राहतायत, ब्रोशरवर 'लक्झरी' छापलेलं. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक महापालिकेत आलं. मैदान कुठेय, हे मात्र ब्रोशरमध्ये शोधून सापडत नाही.)

मालकीचा फ्लॅट असलेल्यांनी आधी तो तारण ठेवून लागेल तेवढंच कर्ज घ्यावं, किंवा भाड्याने देऊन त्या भाड्यावर मशीनचा हप्ता बसतो का ते बघावं. हप्ता बसत नसेल तर मशीन मोठं घेताय.

पगडीचं दुकान किंवा गाळा असलेल्यांसाठी आणखी एक. भाडेकरू म्हणून प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नाव असेल आणि तिचं भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा जास्त असेल, तर भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण मिळत नाही. धंदा वाढला म्हणून भांडवल वाढवायच्या फॉर्मवर सही करण्याआधी भाडेपावतीवर कुणाचं नाव आहे ते काढून बघा.