हक्काची रजा आणि पडद्यावरची रजा

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातले फुलसावंगी हे गाव यंत्राला बिचकणारे नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये याच गावातील एका अल्पशिक्षित तरुण कारागिराने स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना प्राण गमावला. अशा गावाच्या संदर्भात यंत्र हवे की नको, हा वाद निरर्थक ठरतो. यंत्र कोणाच्या हाती आणि कोणाच्या सोयीसाठी, हाच खरा प्रश्न होय.

रजेचा अर्ज आज कागदावरून संगणकाच्या पडद्यावर येत आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये ‘ई-एचआरएमएस’ प्रणाली सुरू करून कर्मचाऱ्यांचे सेवापुस्तक व रजा संगणकावर आणल्या. खाजगी आस्थापनांतही अशा प्रणाली रुळल्या आहेत. अधिकाऱ्यापुढे यादी उघडते: रजा कोणी मागितली, किती दिवसांची, शिल्लक किती आणि त्याच तारखांना आणखी कोण गैरहजर असेल. टेबलाच्या खणात अर्ज दडपून ‘मिळालाच नाही’ म्हणण्याची सोय यामुळे संपते. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही.

परंतु अर्ज दिसणे म्हणजे रजा मिळणे नव्हे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधील दहावा नियम रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, असेच सांगतो. नियम तसाच ठेवून केवळ पडदा बसविला, तर पूर्वी आठवड्याने मिळणारा नकार क्षणार्धात मिळेल, एवढाच फरक. म्हणून ही खिडकी दोन्ही बाजूंनी उघडी हवी. अर्ज कोणाकडे, किती दिवस पडून आहे आणि कोणत्या कारणाने नाकारला, हे अर्जदारास दिसले पाहिजे. उलट, त्याच्या आजाराचे वा घरगुती अडचणीचे कारण साऱ्या कचेरीला दिसण्याची गरज नाही. तारीख सर्वांना कळावी. कारण मंजुरी देणाऱ्यापुरतेच राहावे.

विश्रांतीचा हक्क या देशात कोणाच्या औदार्याने आलेला नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे मांडले. त्यात रविवारच्या सुटीची मागणी होती. ती सुटी पदरात पडण्यास १० जून १८९० उजाडावा लागला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत ही अट १८० दिवसांवर आली. अट उतरली हे योग्यच. पण ती ज्यांना लागूच होत नाही, त्यांचे काय?

कापूसवेचणीस जाणाऱ्या बाईला मजुरी किलोवर मिळते. ताप आला, मूल आजारी पडले, की त्या दिवशी चूल थंड. तिला अर्ज करायला अधिकारी नाही आणि नाकारायला रजाही नाही. गावोगाव फिरणारी आशा सरकारदप्तरी ‘स्वयंसेविका’ आहे. कर्मचाऱ्याची रजा तिच्या वाट्याला येत नाही. मात्र हजेरी घ्यायची वेळ आली, की यंत्र तत्काळ सापडते. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची छायाचित्रांसह मोबाइल हजेरी सक्तीची करण्यात आली. ज्याच्या हजेरीसाठी यंत्रणा उभी राहते, त्याच्या रजेसाठी तिच्यात एक रकानाही नसतो. यातच या व्यवस्थेचा वर्गस्वभाव उघड होतो.

शेतमजुराचा मालक रोज बदलतो, मग रजेचा पगार कोण देणार, असा आक्षेप घेतला जाईल. महाराष्ट्राने त्याचे उत्तर १९६९ च्या माथाडी कायद्याने दिलेले आहे. हमालाचेही मालक अनेक. तरीही मंडळाने मालकांकडून लेव्ही वसूल करून त्याला भविष्यनिर्वाह निधी आणि पगारी रजा मिळवून दिली. शेतमजुरांसाठी असे मंडळ अशक्य नाही. यवतमाळचा कोरडवाहू शेतकरी स्वतःच कर्जात आहे. त्याच्यावर नवा बोजा लादणे अन्यायाचे होईल. म्हणून निधीचा भार कापसाच्या व्यापारावर, जिनिंग-प्रेसिंगवर आणि शासनावर पडला पाहिजे.

संगणक हा हिशेब ठेवण्यास उत्तम साधन ठरेल. कोणत्या मजुराने कितीजणांकडे किती दिवस काम केले आणि त्याची किती रजा जमली, हे तो चोख सांगू शकतो. पण त्यात काय नोंदवायचे हे संगणक ठरवीत नाही. ते संघटित श्रमिकांच्या बळावर ठरते. कार्यकर्त्यांनी कचेरीतील कर्मचाऱ्याची आणि शिवारातील मजुरणीची मागणी एकाच निवेदनात मांडावी. दोघांची रजा एकाच पडद्यावर दिसू लागेल, तेव्हाच या प्रगतीला प्रगती म्हणता येईल.