पाण्याची वाट

ह्यांची बदली खरडला झाल्याचं कळवलं, तेव्हा पुण्याच्या नणंदबाईंनी विचारलं होतं, "खरड? अगबाई, तिथे रोज खरडपट्टी निघते की काय?" त्याला आता सहा वर्षं झाली. चंडीगडपासून दहा-पंधरा किलोमीटरवरचं हे पंजाबातलं गाव. मधोमध जुना बाजार आणि भोवताली शेतांना रेटत निघालेल्या नव्या वसाहती. त्यातल्याच एका इमारतीत तळमजल्यावर आमचं बिऱ्हाड आहे.

माझी इथली मैत्रीण माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. गल्लीत सगळे त्यांना बीजी म्हणतात, मीही म्हणते. परवा रविवारी सकाळी रिमझिम सुरू झाली आणि बीजी दारात हजर. "चल पुत्त, सौण लागला. घरात काय बसून राहिलीस?"

आपला श्रावण यायला अजून अवकाश होता. पण इथले महिने सूर्याच्या संक्रांतीवर चालतात, त्यामुळे इथला सौण जुलैच्या मध्यालाच सुरू होतो. मी छत्री घेतली. बीजींनी नुसती ओढणी डोक्यावर घेतली आणि आम्ही निघालो.

वसाहत संपली आणि भाताची खाचरं लागली. गुडघाभर हिरवी रोपं, मधे पांढरे बगळे. क्षणभर कोकणातच आल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की इथल्या ताटात भाताला पोळीइतका मान नाही. पीक बहुतेक विकायचंच. चपला हातात घेऊन बांधावरून चालताना मी दोनदा घसरले आणि बीजी दोन्ही वेळा पोट धरून हसल्या.

पुढे चो आला. चो म्हणजे शिवालिकच्या डोंगरातून येणारा पावसाळी ओढा. वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. आताही पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. मी पाय टाकणार, तोच बीजींनी दंड धरून मागे ओढलं. "ते बघ." लांब डोंगरावर आभाळ काळंकुट्ट झालं होतं. आमच्या डोक्यावर मात्र साधी भुरभुर. त्यांच्या शब्दाखातर थांबले. थोड्या वेळानं घरघर ऐकू आली आणि काटक्या, फेस, गढूळ माती घेऊन पाणी आलं. मी उतरणार होते, तिथं ते कमरेपर्यंत चढलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

शिवालिकची माती भुसभुशीत. झाडं तुटली, चराई वाढली, तशी ती वाहून खालच्या शेतांत येऊ लागली. हे चो आवरावेत म्हणून पंजाबात १९०० साली कायदा करावा लागला होता. चंडीगड वसवताना सुखना चो अडवून १९५८ साली सुखना तलाव केला. म्हणजे तिथं पाण्याला जागा तरी दिली.

परतताना बीजी आमच्या इमारतीच्या फाटकाशी थांबल्या. "इथं आमचा मका असायचा. आणि तुझी गाडी उभी असते ना, तिथून पावसाचं पाणी चोकडे जायचं. सासरे तेवढी पट्टी कधी पेरत नसत."

मी गप्प झाले. २०२३ च्या जुलैत उत्तरेत अतोनात पाऊस झाला, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होतं. पिठाचे डबे तरंगत होते, मुलीची दहावीची पुस्तकं भिजून लगदा झाली होती. आम्ही पावसाला नावं ठेवली, गटारांना ठेवली. घर घेताना मी ओटा पाहिला, वास्तू पाहिली, शाळा किती लांब ते विचारलं. पावसाचं पाणी कुठून जातं, हे मात्र कुणालाच विचारलं नाही.

"बीजी, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"जमीन मुलांनी विकली, पुत्त. मला तरी कुणी विचारलं?"

मग त्यांच्या स्वयंपाकघरात बसून गरम गरम गोड पूडे आणि खीर खाल्ली. सौणातला इथला रिवाजच तो. खाता खाता ठरलं. येत्या रविवारी इमारतीच्या सभेला बीजींना घेऊन जायचं आणि ती पट्टी कुठून कुठे जात होती, ते त्यांच्याकडून सगळ्यांना दाखवायचं. तिथली फरशी उखडायला लागली तर उखडू.

तुम्हीही कुठे घर बघत असाल, तर आधी त्या गावातल्या एखाद्या आजीला गाठा. भर पावसात तिच्याबरोबर एक फेरी मारून या.